वाचकांचे प्रश्न : समुद्रपक्ष्यांच्या अंगातली रसायनं आणि ताणाचं संप्रेरक

पारा, पीसीबी (ट्रान्सफॉर्मर, रंग यांत वापरलेली क्लोरीनयुक्त रसायनं), डीडीटी या कीटकनाशकाचे अवशेष, पीफास (सहज न मोडणारी फ्लोरीनयुक्त रसायनं) अशी रसायनं समुद्रपक्ष्यांच्या अंगात साठतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. या वेळी आलेले प्रश्न त्याच्या पुढचे आहेत. या रसायनांमुळे पक्ष्यांच्या ताण-संप्रेरकाचं काय होतं, ते मोजतात कसं आणि मोजलेल्या आकड्यावर किती विसंबायचं, असं वाचकांनी विचारलं आहे. ज्या प्रश्नांत खोल जायला हवं होतं त्यांना उत्तरात जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : पक्ष्याला ‘ताण येतो’ म्हणजे शरीरात नेमकं काय घडतं? आणि रसायनं त्यात कुठे शिरतात?

माणसात ताणाचं मुख्य संप्रेरक कॉर्टिसॉल असतं. पक्ष्यांत ते काम कॉर्टिकोस्टेरॉन करतं. पक्षी वादळात सापडला, उपाशी राहिला किंवा कुणी त्याला पकडलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो. पिट्युटरी एसीटीएच हे संप्रेरक सोडते. ते रक्तातून मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथे कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिकोस्टेरॉन तयार होऊ लागतं. रक्तात त्याची पातळी चढली की यकृत ग्लुकोज सोडतं, चरबी वापरली जाते, पक्षी अन्नाच्या शोधात जास्त हिंडतो आणि वीण मागे पडते. पातळी बराच काळ चढलेली राहिली आणि सोबत प्रोलॅक्टिन (अंडी-पिलं सांभाळायला लावणारं संप्रेरक) उतरलं, तर पक्षी अंडी सोडून निघून जातो. काम झालं की हेच कॉर्टिकोस्टेरॉन मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देतं आणि पातळी खाली येते. हा परतीचा निरोप नीट पोचणं तितकंच महत्त्वाचं आहे.

या साखळीच्या जवळपास प्रत्येक कडीवर रसायनांचा घाला पडू शकतो. मिथाइल पारा (पाऱ्याचं अन्नातून अंगात जाणारं सेंद्रिय रूप) रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडतो, त्यामुळे इशारा देणारा भागच बिघडू शकतो. पीसीबीमुळे यकृतातली काही विकरं (एन्झाइम) वाढतात आणि ती संप्रेरकं नेहमीपेक्षा लवकर मोडून टाकू शकतात. डीडीटीच्या कुळातल्या काही रेणूंचा रोख थेट अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर असतो. त्यांतला एक, ओ-पी-डीडीडी, त्या ग्रंथीच्या पेशी मारतो म्हणून माणसांच्या अ‍ॅड्रिनल कर्करोगावर मायटोटेन या नावाने औषध म्हणून वापरला जातो. अशा कुळातली रसायनं पक्ष्याच्या चरबीत वर्षानुवर्षं बसून असतील तर ग्रंथीवर परिणाम होईल ही शंका साधार आहे.

प्रश्न : म्हणजे प्रदूषण जास्त तिथे कॉर्टिकोस्टेरॉन जास्त, असा सरळ हिशेब मांडता येईल का?

नाही. या विषयावर बोलताना सर्वांत जास्त चूक इथेच होते. लोक कॉर्टिकोस्टेरॉनला तापासारखं वाचतात : आकडा वर म्हणजे आजार, खाली म्हणजे सगळं ठीक. प्रत्यक्षात खाली गेलेला आकडाही तितकाच वाईट असू शकतो. संकटात ज्याचं संप्रेरक चढतच नाही, तो पक्षी शांत आहे असा अर्थ होत नाही. त्याची धोक्याची घंटाच वाजेनाशी झालेली असू शकते.

म्हणून दोन आकडे वेगळे वाचावे लागतात. एक पायाभूत पातळी, म्हणजे पक्षी निवांत असतानाची. दुसरी प्रतिसाद-पातळी, म्हणजे पकडल्यानंतर ठरावीक मिनिटांनी चढलेली. रसायनं या दोन्हींना वेगवेगळ्या दिशेने ढकलू शकतात. नॉर्वेच्या ब्योर्नोया बेटावरच्या ग्लॉकस कुरव पक्ष्यांत ऑर्गॅनोक्लोरिनांचं (पीसीबी, डीडीटीसारख्या क्लोरीनयुक्त रसायनांचं) ओझं फार मोठं असतं. तिथे ज्यांच्यात हे ओझं जास्त होतं त्या नर-मादी दोघांची पायाभूत पातळी वर गेलेली आढळली, पण नरांचा ताण-प्रतिसाद उलट कमी झालेला होता. फक्त पहिला आकडा घेतला असता तर ‘पक्षी तणावात आहेत’ एवढंच म्हणून थांबावं लागलं असतं. दुसरा आकडा सांगतो की खऱ्या संकटासाठी त्यांच्याजवळ राखीव जोर उरलेला नाही.

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोंग्सफ्योर्ड खाडीतल्या किट्टीवेक (कुरवाची एक जात) पक्ष्यांत चित्र वेगळं दिसलं. तिथे रक्तात पीसीबी जास्त असलेल्या माद्यांचा ताण-प्रतिसाद वाढलेला होता. बाहेरून एसीटीएच टोचून थेट अ‍ॅड्रिनलची परीक्षा घेतली तेव्हाही पीसीबी जास्त असलेल्या पक्ष्यांच्या ग्रंथीने जास्त कॉर्टिकोस्टेरॉन सोडलं. म्हणजे ग्रंथी जरुरीपेक्षा हळवी झाली होती. पण याच वसाहतीत लांब साखळीची पीफास रसायनं तपासली तर ती जास्त असलेल्या पक्ष्यांची पायाभूत पातळी कमी निघाली. एकच जात, एकच ठिकाण, पण रसायन बदललं की दिशाही बदलली.

अंटार्क्टिकातल्या अ‍ॅडेली लँडचे स्नो पेट्रेल हे समुद्रपक्षी आणखी एक बाजू दाखवतात. त्यांच्यात टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकं (पीसीबी, डीडीटीसारखी) जास्त तसा ताण-प्रतिसाद जास्त होता. पाऱ्याचा संबंध मात्र कॉर्टिकोस्टेरॉनऐवजी नरांच्या प्रोलॅक्टिनशी जुळला : पारा जास्त, तर ताणाखाली प्रोलॅक्टिन कमी. अंडं उघडं टाकून जाणाऱ्या नरांत पारा जास्त सापडला. पेट्रेल एका हंगामात एकच अंडं घालतो, आणि ते थंडीत उघडं राहिलं तर त्या वर्षाची वीण वाया जाऊ शकते. म्हणून पाऱ्याचा अभ्यास करताना फक्त कॉर्टिकोस्टेरॉन मोजून ‘परिणाम नाही’ असं म्हणू नये. प्रोलॅक्टिनही मोजावं.

मात्रा थोडी असताना ग्रंथी चेतते आणि फार झाली की थकते, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ते पटण्यासारखं आहे. पण एका वसाहतीतल्या नमुन्यांवरून ते सिद्ध करता येत नाही. त्यासाठी कमी, मध्यम आणि भारी ओझं असलेल्या वसाहती एकाच पद्धतीने तपासाव्या लागतात.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. वसाहतीत रक्ताचे नमुने घेताना नेमकं काय पाळायचं आणि कुठे चुकतं?

पहिलं बंधन परवानगीचं. रानपक्षी पकडणं आणि त्याचं रक्त काढणं अधिकृत परवाना, नैतिक समितीची मंजुरी आणि प्रशिक्षित हात यांच्याशिवाय करू नये. पुढची माहिती त्या चौकटीत काम करणाऱ्यांसाठी आहे.

सर्वांत महत्त्वाचं साधन स्टॉपवॉच. पक्षी हातात किंवा फासात आला त्या क्षणी ते सुरू करायचं. कॉर्टिकोस्टेरॉन रक्तात चढायला साधारण तीन मिनिटं लागतात, म्हणून पायाभूत नमुना त्या तीन मिनिटांच्या आत पूर्ण व्हायला हवा. सुई तीन मिनिटांत टोचली एवढं पुरत नाही. रक्त नळीत येऊन संपल्याची वेळ लिहा. साडेतीन किंवा चार मिनिटं झाली असतील तर तो नमुना पायाभूत गटात घालू नका. नोंदवहीत ‘सुमारे तीन मिनिटं’ असं लिहिलेले नमुने पुढे विश्लेषणात डोकेदुखी होतात, सेकंदांसकट लिहा. आणखी एक चूक सर्रास होते. पक्ष्याकडे जाताना पाच मिनिटं घरट्याभोवती घुटमळलं तर पक्ष्याचा ताण आधीच सुरू झालेला असतो, स्टॉपवॉच मात्र शून्यावरच असतं. म्हणून पक्ष्याजवळ जाण्याची वेळही वेगळी टिपून ठेवा.

रक्त पंखाच्या शिरेतून, हेपारिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) लावलेल्या बारीक सुईने घेतात. सगळे नमुने मिळून रक्ताचं प्रमाण शरीराच्या वजनाच्या एक टक्क्यापलीकडे जाऊ नये. चारशे ग्रॅमच्या किट्टीवेकला ही मर्यादा साधारण 4 मिलिलिटर पडते. तिथपर्यंत जायची सहसा गरज नसते. कॉर्टिकोस्टेरॉनच्या चाचणीला 50 ते 100 मायक्रोलिटर प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) पुरतो, जास्त रक्त प्रदूषकांच्या मोजणीला लागतं. पहिला नमुना झाला की पक्ष्याला हवा खेळती राहील अशा कापडी पिशवीत ठेवतात आणि 30 मिनिटांनी दुसरा घेतात. पक्षी पिशवीत असताना गप्पा मारू नयेत आणि पिशवी उन्हात किंवा वाऱ्यात टांगू नये. नाहीतर प्रत्येक पक्ष्याला वेगळा ताण मिळतो आणि तुलना कोलमडते. सुई काढल्यावर शीर बोटाने दाबून रक्त थांबल्याची खात्री करा, मगच पक्षी सोडा.

नमुने लगेच बर्फावर ठेवून काही तासांत सेंट्रिफ्यूजमधून फिरवायचे. प्लाझ्मा वेगळा काढून उणे 20 अंश सेल्सिअसला, जमल्यास उणे 80 ला गोठवायचा. खाली उरलेल्या लाल पेशी टाकू नका. मिथाइल पारा हिमोग्लोबिनला चिकटून राहतो, त्यामुळे पारा मोजायला त्याच पेशी वापरता येतात आणि पक्ष्याला पुन्हा टोचावं लागत नाही.

नळ्यांची निवड अनेकांना फसवते. पीसीबी आणि कीटकनाशकांचे अवशेष प्लास्टिकला चिकटतात, म्हणून त्यांच्यासाठी विद्रावकाने धुतलेल्या काचेच्या कुप्या बऱ्या. पीफास काचेला चिकटतं, म्हणून त्याच्यासाठी पॉलिप्रोपिलिनच्या नळ्या घ्याव्यात आणि टेफ्लॉनची (तेही पीफासच्याच कुळातलं) कोणतीही वस्तू जवळ आणू नये. दोन्ही मोजायचं असेल तर प्लाझ्मा जागेवरच दोन नळ्यांत वाटून घ्यावा. प्रत्येक दिवसाची एक रिकामी नळीही तशीच सगळीकडून फिरवून आणावी. प्रयोगशाळेतून तिच्यात प्रदूषक निघालं, तर ते पक्ष्यांतलं नव्हे, आपल्या हाताळणीतलं आहे हे कळतं.

प्रश्न : रक्त काढण्याऐवजी पिसावरून काम भागणार नाही का? त्याने पक्ष्याला त्रासही होत नाही.

भागतं, पण पीस नेमकं कोणत्या काळाची गोष्ट सांगतं हे लक्षात ठेवलं तरच.

पीस वाढत असताना त्याच्या मुळाशी रक्त पोचतं आणि त्या रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन पिसात अडकतं. वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा बंद होतो. म्हणून पिसातलं कॉर्टिकोस्टेरॉन ते पीस वाढलं त्या दिवसांचं असतं. पारा वेगळा वागतो. दोन पीसझडींच्या मधल्या महिन्यांत जेवणातून आलेला पारा शरीरात साठतो आणि नवी पिसं फुटली की त्यांत ओतला जातो. पक्ष्याच्या अंगातल्या पाऱ्याचा मोठा हिस्सा, अभ्यासांत 70 टक्के आणि त्याहूनही अधिक, पिसांत सापडतो. म्हणजे एकाच पिसातलं संप्रेरक काही दिवसांचं, तर पारा कित्येक महिन्यांचा. दोघांचा संबंध जुळला नाही तर ‘पारा निरुपद्रवी आहे’ असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. कदाचित आपण दोन वेगळ्या ऋतूंची तुलना करत असू. समुद्रपक्षी तर वीण एका समुद्रात करतात आणि पिसं हजारो किलोमीटर दूर बदलतात.

प्रयोगशाळेतही काही अडचणी येतात. पिसाच्या दांड्याचं पोकळ टोक कापून टाकायचं, उरलेल्या भागाची लांबी मोजायची, कात्रीने बारीक तुकडे करायचे आणि मिथेनॉलमध्ये संप्रेरक उतरवायचं. आकडा प्रति मिलिमीटर लांबीला मांडतात, कारण पीस रोज ठरावीक वाढतं आणि संप्रेरक काळाच्या प्रमाणात जमतं. पारा मात्र प्रति ग्रॅम वजनाला मांडायचा, तोही पीस क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या दोनास एक मिश्रणात धुऊन, वरची घाण आणि तेल काढल्यावर. पीस फार छोटं असेल, नमुना साधारण 20 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर कॉर्टिकोस्टेरॉनचा आकडा कृत्रिमपणे फुगतो. छोट्या पिलांच्या आणि मोठ्या पक्ष्यांच्या पिसांची तुलना केल्यावर पिलांत ‘प्रचंड ताण’ दिसला, तर आधी हीच शंका घ्या.

एका वाचकाने संग्रहालयातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या पिसांबद्दल विचारलं आहे. ती वापरता येतात. पण पूर्वी कातडी टिकवायला पाऱ्याचे क्षार चोपडत, त्यामुळे एकूण पारा मोजून उपयोग नाही. फक्त मिथाइल पारा मोजावा, कारण तो पक्ष्याच्या आहारातून आलेला असतो.

प्रश्न : उपाशी पक्ष्याचंही कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं. मग दोष रसायनांचा की मासे कमी झाल्याचा, हे ठरवायचं कसं?

फार नेमका प्रश्न. या क्षेत्रातला हाच सर्वांत अवघड गुंता आहे. किट्टीवेक आणि गिलेमॉट या समुद्रपक्ष्यांत अन्न घटलं की कॉर्टिकोस्टेरॉन चढतं हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. दुसरीकडे, उपाशी पक्षी आपली चरबी जाळतो आणि त्या चरबीत दडलेली पीसीबी, डीडीई (डीडीटी मोडून उरणारं रसायन) वगैरे रक्तात उतरतात. त्यामुळे कृश पक्ष्याच्या रक्तात संप्रेरकही जास्त आणि प्रदूषकही जास्त. दोन्हींमध्ये सुंदर सरळ रेष निघते, पण एकाने दुसऱ्याला वाढवलं असं त्यातून म्हणता येत नाही. दोघांमागे तिसरीच गोष्ट, भूक, उभी आहे.

हे सोडवायला काही गोष्टी सोबत मोजाव्याच लागतात. शरीराचं वजन आणि डोक्याची किंवा पायाची लांबी, म्हणजे पक्षी आकाराच्या मानाने भरलेला आहे की वाळलेला हे कळतं. विणीचा टप्पा, कारण घरटं बांधताना, उबवताना आणि पिलं भरवताना संप्रेरकाची पातळी वेगवेगळी असते. नर की मादी, कारण मादी अंड्यातून काही प्रदूषक बाहेर टाकते. नायट्रोजनच्या स्थिर समस्थानिकांवरून (वेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) पक्षी अन्नसाखळीत किती वरचं खातो याचा अंदाज येतो, आणि जितकं वरचं तितका पारा जास्त. रक्तातली चरबीही मोजावी आणि प्रदूषकाचा आकडा ओल्या वजनावर व चरबीच्या वजनावर असा दोन्ही प्रकारे द्यावा.

एवढं करूनही निरीक्षण ते निरीक्षणच. कारण शोधायला परीक्षा घ्यावी लागते. एसीटीएच टोचल्यावर पक्षी जास्त किंवा कमी संप्रेरक सोडत असेल, तर बिघाड अ‍ॅड्रिनलमध्ये. डेक्सामेथासोन (ताण-संप्रेरकासारखा ‘आता पुरे’ निरोप देणारं औषध) टोचल्यावरही पातळी उतरत नसेल, तर परतीचा निरोप पोचत नाही. भूक आणि रसायन यांची फारकत करायला या दोन चाचण्या साध्या तुलनेपेक्षा कितीतरी उपयोगी आहेत, आणि जितक्या व्हायला हव्यात तितक्या त्या होत नाहीत याची खंत वाटते.

प्रदूषकं एकमेकांसोबत येतात हेही विसरू नका. पीसीबी जास्त असलेल्या पक्ष्यात क्लोर्डेन हे कीटकनाशक आणि डीडीईही बहुधा जास्त असतात. तीस पक्षी आणि वीस रसायनं घेऊन प्रत्येकाचा वेगळा संबंध तपासला, तर एखादा संबंध निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरेल. आधी गट करा, प्रश्न ठरवा, मग आकडेमोड.

प्रश्न : पीसीबीवर बंदी येऊन किती वर्षं झाली! मग ध्रुवावरच्या पक्ष्यांत ती अजून कशी?

कारण ती मोडतच नाहीत म्हटलं तरी चालेल. पीसीबीचं व्यापारी उत्पादन 1929 मध्ये सुरू झालं. अशा टिकाऊ रसायनांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार 2001 मध्ये मंजूर झाला आणि 2004 मध्ये लागू झाला. मधल्या काळात बनलेला माल ट्रान्सफॉर्मर, सांधे बुजवायची लुकणं, रंग यांत राहिला आणि झिरपत राहिला. उष्ण भागात ही रसायनं हवेत उडतात, थंडीत खाली बसतात, पुन्हा उडतात, आणि असं करत ध्रुवाकडे सरकतात. तिथल्या प्राण्यांत चरबी भरपूर, आयुष्य लांब, म्हणून साठवण मोठी. कराराच्या यादीत नंतर पीएफओएस (2009) आणि पीएफओए (2019) ही पीफास, डेका-बीडीई हे अग्निरोधक (2017) अशी भर पडत गेली. पाऱ्यासाठीचा मिनामाता करार 2017 मध्ये लागू झाला.

प्रश्न : पक्षी प्लास्टिक गिळतात. त्यामुळेही ताण-संप्रेरक बदलतं का?

प्लास्टिकमधली अग्निरोधक रसायनं पक्ष्याच्या ऊतींत जातात हे शॉर्ट-टेल्ड शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या चरबीत डेका-बीडीई सापडल्यावर दिसलं. कॉर्टिकोस्टेरॉनशी थेट संबंध मात्र पारा किंवा पीसीबीइतका भक्कम दाखवता आलेला नाही. म्हणून ‘प्लास्टिकमुळे पक्षी तणावात’ असा मथळा दिसला तर आधी बघा, तिथे प्लास्टिकचं वजन मोजलंय की त्यातली रसायनं.

प्रश्न : किनाऱ्यावर तेलाने माखलेला पक्षी सापडला तर लगेच धुवावा का?

लगेच धुऊ नका. तेलामुळे पिसांचं जलरोधक आवरण फाटलेलं असतं, अंग थंड पडलेलं असतं, आणि चोचीने पिसं साफ करताना पोटातही तेल गेलेलं असतं. त्यातून रक्तक्षय होऊ शकतो. तेलातले घटक अ‍ॅड्रिनल ग्रंथीलाही बाधतात. तेल खाऊ घातलेल्या बदकांच्या जुन्या प्रयोगांत रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन उतरलेलं आढळलं होतं. म्हणजे ज्याच्याकडे ताण झेलायची ताकदच उरलेली नाही, अशा पक्ष्याला आपण पाण्यात धरून घासणार. धुण्याच्या ताणानेच असे पक्षी दगावतात.

आधी वन विभागाला किंवा प्रशिक्षित बचाव केंद्राला कळवा. तोवर हातमोजे घालून, डोळ्यांना जपून (लांब चोचीचे पक्षी थेट तोंडाकडे टोच मारतात) पक्षी टॉवेलने उचला आणि हवेला भोकं असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. तळाशी जुनं कापड घाला. खोकं अंधारं, उबदार आणि शांत जागी ठेवा. सारखं उघडून बघू नका, फोटो काढू नका. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. केंद्रात पक्ष्याला आधी ऊब आणि नळीने द्रव देतात, तो सावरला की साधारण एक-दोन दिवसांनी त्याच्या शरीराच्या तापमानाइतक्या, सुमारे 40 अंशांच्या पाण्यात साबणाने धुतात. मग साबणाचा कण न राहता पाण्याचे थेंब पिसांवरून घरंगळू लागेपर्यंत खळबळतात. पक्षी कुठे, किती वाजता सापडला आणि अंगाचा किती भाग माखलेला होता, हे कागदावर लिहून तो कागद खोक्याला चिकटवा. पुढे त्या पक्ष्याच्या रक्ताचा आकडा वाचणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.